नवव्या दिवशी पुन्हा

मेडिकलच्या काउंटरवर एक तक्रार बारा महिने ऐकू येते. "मागं नेलेलं औषध लावलं, आठ-दहा दिवस बरे गेले, परत उवा झाल्या. ह्याच्यापेक्षा स्ट्राँग काहीतरी द्या." दुकानदार दुसऱ्या कंपनीची बाटली काढून देतो, आई ती घेऊन घरी जाते आणि काही आठवड्यांनी पुन्हा तोच प्रकार. मग वर्गातल्या एखाद्या मुलीवर ठपका येतो, शेजारच्या घरी खेळायला जाणं बंद होतं, आणि शेवटी कुणीतरी वडीलधारं माणूस रॉकेलचं किंवा शेतातल्या फवारणीच्या औषधाचं नाव काढतं. त्या शेवटच्या पायरीपर्यंत कुणी जाऊ नये म्हणून हे प्रकरण. उवांचं औषध फसतं तेव्हा पुष्कळदा ते कमी जोराचं नसतंच. ते तेलकट केसांना लावलेलं असतं, थोडंसंच लावलेलं असतं, घाईने धुतलेलं असतं, आणि मुख्य म्हणजे एकदाच लावलेलं असतं.

एकदाच का पुरत नाही हे कळायला उवेचं आयुष्य दिवसांच्या हिशेबात पाहावं लागतं. ऊ म्हणजे तिळाएवढा, दोन ते तीन मिलिमीटर लांबीचा, पंख नसलेला कीटक. तिला उडता येत नाही आणि उडी तर मुळीच मारता येत नाही. सहा पायांच्या टोकांना वाकड्या नख्या असतात. नखी आणि तिच्यासमोरचा उंचवटा यांच्यामध्ये एक केस बरोबर मावतो. पाण्याने, साध्या शाम्पूने, जोरात डोकं झटकल्याने ती सुटत नाही ती या पकडीमुळे. दिवसातून अनेकदा ती टाळूतून रक्त पिते. डोक्यावरून खाली पडली तर एक-दोन दिवसांत उपाशी मरते.

पूर्ण वाढलेली मादी रोज सहा ते आठ अंडी घालते आणि महिनाभर जगते. ही अंडी म्हणजे लिखा. टाळूच्या अगदी जवळ, साधारण एक सेंटिमीटरच्या आत, मादी केसाला स्वतःच्या शरीरातला चिकट स्राव लावते आणि त्यात अंडं बसवते. तिथे टाळूची ऊब मिळते. स्राव वाळला की तो इतका घट्ट होतो की अंडं फुटून पिल्लू निघून गेलं तरी रिकामं टरफल केसालाच राहतं आणि केसाबरोबर वाढत खाली येतं. केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे टाळूपासून तीन सेंटिमीटर अंतरावर पांढरी लीख दिसली, तर ती दोन-तीन महिन्यांपूर्वीची आणि जवळजवळ नक्कीच रिकामी असते. तेवढ्यावरून पुन्हा औषध लावायला घेणारी घरं खूप आहेत. औषध सुरू करायचं ते जिवंत, हलणारी ऊ दिसली तरच. कोंडा आणि लीख यांतला फरकही बोटालाच कळतो: कोंडा केसावरून सरकतो, लीख सरकत नाही.

अंड्यातून पिल्लू यायला सहा ते नऊ दिवस लागतात. त्यानंतर तीनदा कात टाकून, आठवडा-दीड आठवड्यात ते पूर्ण वाढतं आणि मादी असेल तर अंडी घालू लागतं. हे दोन आकडे लक्षात ठेवा. पुढचं सगळं त्यांच्यावर उभं आहे.

आता बाटलीत काय असतं ते पाहू. उवांसाठी सर्वांत जास्त वापरलं जाणारं औषध म्हणजे परमेथ्रिन. त्याचं मूळ एका फुलात आहे. शेवंतीच्या कुळातल्या पायरेथ्रम नावाच्या पांढऱ्या फुलाची भुकटी कीटक मारायला पूर्वापार वापरली जात होती, पण उन्हात तिचा गुण लवकर उतरत असे. इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड इथल्या शेती संशोधन केंद्रात मायकेल इलियट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये तिच्या धर्तीवर उजेडात टिकणारं रसायन तयार केलं. तेच परमेथ्रिन. ते कीटकाच्या मज्जातंतूंवर काम करतं. मज्जातंतूत संदेश जाताना सोडियमची सूक्ष्म दारं उघडतात आणि मिटतात. परमेथ्रिन ती उघडीच ठेवतं. संदेश थांबतच नाहीत, ऊ लुळी पडते आणि मरते. माणसाच्या त्वचेतून ते फारच थोडं आत जातं, आणि जे जातं ते शरीर लवकर मोडून बाहेर टाकतं. म्हणून दोन महिन्यांवरच्या बाळापासून सर्वांना ते चालतं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला मात्र कुठलंही औषध नको, फक्त हाताने आणि फणीने काढायचं.

घोटाळा होतो तो नेमका इथे. औषध मज्जातंतूंवर काम करतं, आणि नुकत्याच घातलेल्या अंड्यात पहिले काही दिवस मज्जासंस्था तयारच झालेली नसते. ज्याच्यावर घाव घालायचा ते तिथे नाहीच. त्यामुळे पहिल्यांदा औषध लावल्यावर चालत्या-फिरत्या उवा मेल्या, तरी वीस ते तीस टक्के अंडी शाबूत राहू शकतात. घरच्यांना वाटतं, काम झालं. आठवडाभर डोकं शांत असतं. मग त्या अंड्यांतून पिल्लं निघतात, मोठी होतात, अंडी घालतात. "परत झाल्या" म्हणतो आपण, पण त्या बाहेरून आलेल्या असतीलच असं नाही. पुष्कळदा त्या गेलेल्याच नसतात.

म्हणून दुसऱ्यांदा औषध लावायचं ते नऊ दिवसांनी. पाकिटावर सात ते दहा दिवस असं लिहिलेलं असतं, तेही बरोबर आहे, पण नववा दिवस सर्वांत सोयीचा. तोवर मागे राहिलेली बहुतेक सगळी अंडी फुटलेली असतात आणि बाहेर आलेल्या पिल्लांपैकी कुणीही अजून अंडी घालण्याइतकं मोठं झालेलं नसतं. तीन दिवसांनी लावलं तर काही अंडी अजून बंद असतात. तीन आठवड्यांनी लावलं तर नवी अंडी घातली गेलेली असतात. पहिल्यांदा औषध लावाल त्याच दिवशी भिंतीवरच्या कालनिर्णयावर पुढच्या तारखेला खूण करा. डोकं खाजत नसलं, एकही ऊ दिसत नसली, तरी त्या दिवशी औषध लावायचं आहे. माझ्या मते या सगळ्या विषयात यापेक्षा महत्त्वाचं वाक्य नाही.

बाटली घेताना टक्केवारी बघा. डोक्यातल्या उवांसाठी परमेथ्रिन १ टक्का असतं, लोशन किंवा क्रीम रिन्सच्या रूपात. ५ टक्क्यांचं परमेथ्रिन खरजेसाठी असतं आणि ते मानेखाली अंगभर लावून रात्रभर ठेवायचं असतं. दोन्हींची नावं सारखी, कधीकधी कंपनीही एकच, आणि दुकानात गर्दी असली की एकाऐवजी दुसरं हातात पडतं. डॉक्टरांनी मुद्दाम सांगितलेलं नसेल तर ५ टक्क्यांचं डोक्याला लावू नका. जुन्या घरांच्या कपाटांत गॅमा बेंझिन हेक्झाक्लोराइड, म्हणजेच लिंडेन, असं लिहिलेली बाटलीही सापडते. हे औषध मेंदूवर परिणाम करतं, लहान मुलांना आणि कमी वजनाच्या माणसांना त्याने झटके येऊ शकतात. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २००३ मध्ये त्यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला, आणि कॅलिफोर्नियाने तर त्याआधीच, २००२ पासून, त्यावर बंदी घातली होती. आज त्याहून सुरक्षित औषधं सहज मिळतात. ती बाटली टाकून द्या.

आता लावण्याची रीत. आपल्याकडे मुलींच्या केसांना रोज खोबरेल तेल असतं. तेल किंवा कंडिशनर केसावर असलं की परमेथ्रिन केसाला नीट धरत नाही. तेव्हा आधी साध्या शाम्पूने, कंडिशनर न लावता, डोकं स्वच्छ धुवा. तेल फार असेल तर दोनदा धुवा. टॉवेलने टिपून केस दमट ठेवा. पाणी निथळत असेल तर औषध पातळ होतं. मुलीला स्टुलावर बसवा, कोरडा टॉवेल घडी करून तिच्या डोळ्यांवर तिलाच धरायला सांगा आणि आपण हातमोजे घाला. बाटली हलवून घ्या. केसांचे भाग पाडत मुळापासून टोकापर्यंत औषध चोळा. कानांच्या मागचा भाग आणि मानेवरची केसांची कड ही दोन ठिकाणं सर्वांत आधी, कारण उवा आणि लिखा तिथेच जास्त असतात. केस पूर्ण भिजले पाहिजेत. साठ मिलिलिटरची बाटली खांद्यापर्यंतच्या केसांना पुरते. कमरेपर्यंत वेणी असेल तर दुसरी आणावी लागेल, आणि इथे काटकसर केली तर सगळाच खर्च वाया जातो.

घड्याळ लावून दहा मिनिटं. अर्धा तास ठेवल्याने जास्त उवा मरत नाहीत, टाळूची आग मात्र होते. प्लास्टिकची टोपी, गरम टॉवेल असलं काही गुंडाळू नका. धुताना मुलीला आंघोळीला बसवून डोक्यावरून तांब्या ओतू नका, कारण मग औषध अंगभर उतरतं. मोरीवर किंवा बेसिनवर डोकं वाकवून फक्त केस धुवा, आणि कोमट पाण्याने. कडक पाण्याने त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि औषध जास्त शोषलं जातं. त्यानंतर एक-दोन दिवस शाम्पू नको, तेल नको. केसावर उरलेला औषधाचा थर त्या काळातही काम करत असतो. डोळ्यांत गेलंच तर भरपूर पाण्याने धुवा.

आठ ते बारा तासांनी फणी फिरवून बघा. काही उवा जिवंत असल्या तरी सुस्त, धडपडत हलत असतील, तर औषध काम करतंय. फणीने काढून टाका आणि नवव्या दिवसाची वाट बघा. पहिल्याइतक्याच चपळ पळत असतील तर त्या उवांवर ते औषध चालत नाही. जगभर अनेक ठिकाणच्या उवांमध्ये असा बदल झालेला आहे: त्या सोडियमच्या दारांचीच घडण थोडी बदलली आणि परमेथ्रिन तिथे बसेनासं झालं. अशा वेळी तेच औषध पुन्हा पुन्हा लावू नका किंवा दोन औषधं एकत्रही करू नका. त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. त्यांच्याकडे वेगळ्या मार्गाने काम करणारी औषधं आहेत. आयव्हरमेक्टिनचं अर्धा टक्क्याचं लोशन कोरड्या केसांना दहा मिनिटं लावतात. त्याने अंडं मरत नाही, पण बाहेर आलेलं पिल्लू रक्त पिऊ न शकल्याने जगत नाही. आयव्हरमेक्टिनच्या गोळ्याही असतात, पण त्या वजनावर ठरतात आणि पंधरा किलोपेक्षा कमी वजनाच्या मुलांना देत नाहीत. त्या मेडिकलमधून मनाने आणून देण्याची गोष्ट नव्हे. डायमेटिकोन हा सिलिकोनचा प्रकार आहे. तो विषारी नाही. तो उवेच्या शरीरावरची छिद्रं बुजवतो, त्यामुळे तिला शरीरातलं पाणी बाहेर टाकता येत नाही. मज्जातंतूंशी त्याचा संबंधच नसल्याने परमेथ्रिनला दाद न देणारी ऊही त्याने मरते.

डायमेटिकोनसारख्या काही औषधांनी माखलेले केस पेट घेऊ शकतात. २०१८ मध्ये ब्रिटनच्या औषध नियंत्रकांनी भाजण्याच्या गंभीर घटनांवरून तसा इशारा दिला. आपल्या घरात हा धोका जास्त आहे. औषध लावून वाट बघताना आई गॅसवर फोडणी टाकायला उठते, देवघरात समई किंवा निरांजन तेवत असते, मुलगी जमिनीवर बसलेली असते. औषध केसांवर असेपर्यंत स्वयंपाकघर आणि देवघर दोन्ही लांब ठेवा, हेअर ड्रायर वापरू नका.

रॉकेलचं तेच. ते पेटतं, त्वचा भाजून काढतं, वासाने छातीत जातं. पण त्याहून भयंकर आहे ते शेतीचं औषध. मॅलॅथिऑन हे नाव ऐकून कुणी म्हणेल, परदेशात उवांना हेच लावतात. खरं आहे, तिथे अर्ध्या टक्क्याचं लोशन डॉक्टरांच्या चिठ्ठीने मिळतं. कृषी सेवा केंद्रातल्या बाटलीत ते ५० टक्के असतं, म्हणजे शंभर पट, आणि त्वचेतून आत शिरणाऱ्या द्रावकात मिसळलेलं. टाळूची त्वचा हाताच्या त्वचेपेक्षा अशी विषं कितीतरी जास्त शोषते, आणि खाजवून तिथे जखमा झालेल्या असल्या तर विचारायलाच नको. डोक्याला फवारणीचं औषध लावल्याने मुलं अत्यवस्थ झाल्याच्या, दगावल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. कुणाच्या घरी हे घडलंच असेल, तर लक्षणांची वाट बघू नका: कपडे काढा, हातमोजे घालून साबण-पाण्याने डोकं आणि अंग धुवा आणि बाटली बरोबर घेऊन तडक दवाखान्यात जा. तोंडाला लाळ सुटणं, घाम, उलट्या, बाहुल्या बारीक होणं, धाप लागणं ही विषबाधेची लक्षणं आहेत. झुरळांचा स्प्रे, मुंग्यांचा खडू, कुत्र्याच्या गोचिडांचं औषध, यांतलं काहीही माणसाच्या डोक्यासाठी नाही.

घरगुती उपायांपैकी एकाबद्दल मला कळकळीने सांगायचं आहे, कारण तो आपल्याकडचा आहे आणि निरुपद्रवी समजला जातो. सीताफळाच्या बिया वाटून त्यांची पूड तेलात किंवा पाण्यात कालवून डोक्याला लावतात. या बियांत कीटकांना मारणारी द्रव्यं आहेत हे खरंच आहे. तीच द्रव्यं बुबुळावरचं पातळ आवरण जाळतात. डोकं धुताना ओघळ डोळ्यांत जातो, सुरुवातीला थोडंच चुरचुरतं, आणि काही तासांनी डोळा उघडता येऊ नये इतकं दुखू लागतं, लाल होतं, उजेड सहन होत नाही. भारतातल्या नेत्रतज्ज्ञांनी असे रुग्ण पाहिले आहेत, त्यांबद्दल लिहिलं आहे. वेळेवर उपचार झाले तर बहुतेक डोळे बरे होतात. पण उवांसाठी डोळा पणाला लावायचं कारणच काय? खोबरेलात कापूर घालण्याचंही तसंच आहे: लहान मुलाच्या पोटात थोडासा कापूर गेला तरी झटके येऊ शकतात, आणि तो त्वचेतूनही आत जातो.

पूर्वापार चालत आलेल्या एका वस्तूचं मात्र मी मनापासून समर्थन करते, ती म्हणजे फणी. इस्रायलमधल्या लाखिश या प्राचीन शहराच्या उत्खननात २०१६ मध्ये एक हस्तिदंती फणी सापडली, जेमतेम साडेतीन सेंटिमीटर लांब. सुमारे ३७०० वर्षांपूर्वीची. २०२२ मध्ये तिच्यावरचा कनानी लिपीतला मजकूर उलगडला: या फणीने केसांतल्या आणि दाढीतल्या उवा निघून जावोत, अशा अर्थाचं मागणं त्यावर कोरलं होतं. तिच्या दातांत उवेचे अवशेषही मिळाले. आजही दोन दातांत जेमतेम केस जाईल एवढी फट असलेली धातूची फणी फार कामाची आहे. ओल्या केसांत, एक-एक बट घेऊन, मुळापासून टोकापर्यंत ओढायची आणि दर वेळी पांढऱ्या कापडावर पुसून बघायची. औषधाच्या दोन वेळांच्या मधे दर तीन-चार दिवसांनी असं करा. गरोदर बाईला किंवा औषधाची ॲलर्जी असलेल्या मुलाला फक्त फणीवरही उवा काढता येतात. त्याला दोन आठवडे आणि चिकाटी लागते.

घर धुऊन काढण्याची गरज नाही. मागच्या दोन दिवसांत वापरलेल्या उशीची खोळ, चादर, टॉवेल, ओढणी कडक पाण्यात धुवा आणि उन्हात टाका. फण्या-कंगवे दहा मिनिटं कडक पाण्यात ठेवा. घरातल्या सगळ्यांची डोकी त्याच दिवशी तपासा, आजीचंही. जिच्या डोक्यात जिवंत ऊ सापडेल तिला, आणि तिच्याबरोबर एका अंथरुणात झोपणाऱ्यांना, त्याच दिवशी औषध लावा. सगळं नीट केल्यावरही आठ-दहा दिवस डोकं खाजू शकतं. ती उवेच्या लाळेची ॲलर्जी असते आणि हळूहळू कमी होते. टाळूवर पू असलेल्या जखमा, मानेत गाठी किंवा ताप असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

शेवटी मुलींबद्दल. उवा झाल्या म्हणून मुलीचे केस तिच्या इच्छेविरुद्ध कापणं, आश्रमशाळेत किंवा वसतिगृहात तिला वेगळं बसवणं, वर्गात सगळ्यांसमोर तिचं डोकं तपासणं, हे अजून घडतं. उवा अस्वच्छतेने होत नाहीत. स्वच्छ धुतलेल्या डोक्यातही त्या तितक्याच सुखाने राहतात. त्या डोक्याला डोकं लागल्याने जातात, आणि मैत्रिणी डोक्याला डोकं लावूनच बसतात. डोक्यातल्या उवांमुळे कुठलाही साथीचा रोग पसरत नाही. प्रलापक सन्निपात, म्हणजे टायफस, पसरवणारी ऊ कपड्यांत राहणारी, वेगळी. शिवाय पहिल्यांदा उवा झाल्यावर खाज सुटायलाच चार ते सहा आठवडे लागतात. मुलगी डोकं खाजवताना बाईंना दिसते तोवर त्या महिनाभर तिच्या डोक्यात असतात, आणि त्या दिवशी तिला घरी पाठवून कुणाचंच काही वाचत नाही. अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संघटनाही शाळांना हेच सांगते, की उवांमुळे किंवा लिखांमुळे कुणाची शाळा बुडवू नका. शिक्षकांना विनंती एवढीच: आईला बाजूला बोलावून सांगा, चिठ्ठीवर औषधाची टक्केवारी आणि दोन तारखा लिहून द्या. संध्याकाळी औषध लावलेली मुलगी दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत येऊ शकते. तिला येऊ द्या.